अंड्याशिवाय बेकिंग : जवस, केळी, हरभऱ्याचं पाणी आणि उडीद (खान्देशी स्वयंपाकघरातून)

केळीबाग

नमस्कार मंडळी,

बेकिंगचा कुठलाही धागा उघडा, "अंड्याऐवजी काय घालू?" हा प्रश्न त्यात असतोच. उत्तरंही ठरलेली. कोणी दही सांगतं, कोणी केळं, कोणी जवस. पण यातलं कुठलं कशाला चालतं हे मात्र कोणी सांगत नाही. मग बिस्किटात केळं आणि स्पंजमध्ये जवस जातं आणि करणारीचा हिरमोड होतो. म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. मी जळगावला घरून केकच्या ऑर्डरी घेते. माझ्याकडे येणाऱ्यांत माळकरी घरं आहेत, जैन घरं आहेत आणि ज्यांच्या मुलांना अंड्याची अ‍ॅलर्जी आहे असे पालकही आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आणि जिव्हाळ्याचा.

आधी एक स्पष्ट करते. इथे फक्त वनस्पतीजन्य पर्यायांवर बोलू. कंडेन्स्ड मिल्कचा किंवा दह्याचा केक आपल्याकडे घरोघरी होतो आणि छान होतो. पण ज्यांना दूधही चालत नाही, त्यांना त्याचा काही उपयोग नाही.

आता मुद्दा. माझं म्हणणं असं की अंड्याला पर्याय शोधायच्या आधी त्या पाककृतीत अंडं काय काम करतंय ते बघावं. टरफल काढलेलं मध्यम अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यातला तीन चतुर्थांश भाग पाणीच. उरलेल्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं आणि पाच ग्रॅम स्निग्धांश. एवढ्यात ते कितीतरी कामं उरकतं. पीठ बांधून ठेवतं. फेटलं की हवा धरून ठेवतं, त्यामुळे केक फुगतो. बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाही. भट्टीत तापलं की घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करतं. शिवाय ओलावा, रंग आणि वरचा तांबूसपणा.

ही सगळी कामं एकटीने करणारी वनस्पती मला तरी अजून सापडलेली नाही. पण प्रत्येक पाककृतीत सगळ्या कामांची गरज कुठे असते? कुकीजमध्ये अंडं बहुतेक बांधायला असतं, तिथे जवस पुरतं. ब्राउनीत आणि मफिनमध्ये ओलावा आणि बांधणी हवी असते, तिथे केळं चालतं. मेरिंगमध्ये (अंड्याचं पांढरं साखरेबरोबर फेटून भट्टीत सुकवतात ती) अंडं म्हणजे नुसता फेस, तिथे हरभऱ्याचं पाणी लागतं. आणि चार-पाच अंडी फेटून केलेला, बेकिंग पावडर नसलेला स्पंज असेल, तर त्याच्या नादी लागूच नका. एक-दोन अंड्यांच्या पाककृती निवडा, त्या हमखास बदलता येतात.

सुरुवात जवसापासून करते, कारण ते प्रत्येक घरात चटणीसाठी असतंच. एका अंड्याला एक मोठा चमचा (१५ मिलीचा) जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे कोमट पाणी. दहा मिनिटं ठेवायचं. चमचा उचलला की तार धरून ओघळलं पाहिजे, तसं नसेल तर आणखी पाच मिनिटं थांबा. हा चिकटपणा दाण्याच्या सालीतल्या बुळबुळीत द्रव्यामुळे येतो, म्हणून पूड बारीक हवी. जाडसर राहिली की तो पुरता सुटत नाही आणि केकमध्ये दाणे दाताखाली येतात. चटणीला भाजतो तसं जवस भाजू नका, नाहीतर सगळ्या केकला जवसाचीच चव लागते. आणि एकदम खूप दळून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पूड लवकर खवट होते. लागेल तेवढी दळा, उरली तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये.

केक पांढरा हवा असेल तर अख्खं जवस पाण्यात मंद आचेवर उकळा आणि गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर कापडातून थेंब खाली उतरत नाही. जे पडतं ते दिसायला थेट अंड्याचं पांढरं.

एक लक्षात असू द्या, जवस बांधतं, फुगवत नाही. फुगवायला बेकिंग पावडर वेगळी लागणारच.

बाकीच्यांनी आपापलं लिहा. हरभऱ्याच्या पाण्यावर कोणीतरी नीट लिहा, अशी विनंती.

सातपुडा_पायथा

भलतं भारी लिखेल शे ताई! माले एकच इचारनं शे.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण मराठीत. आम्ही रावेर तालुक्यातले, घरात केळी कायमच असतात. पण केळं घातलं की केक जड होतो, मध्ये शिऱ्यासारखा गच्च लागतो. केळं किती घ्यायचं आणि कसं?

केळीबाग

@सातपुडा_पायथा, रावेरच्या माणसाला केळीबद्दल मी काय सांगणार! २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तुमच्या भागाचाच मोठा वाटा. पण केकपुरतं सांगते.

एका अंड्याला अर्धं मोठं केळं, म्हणजे कुस्करून पाव कप, साधारण ६० ग्रॅम. बरेच जण दोन अंड्यांना दोन केळी घालतात आणि तिथेच केक गच्च होतो. मोजून घाला. दुसरं म्हणजे केळं कुठल्या अवस्थेतलं आहे ते बघा. साल पिवळीधमक असताना आत स्टार्च बराच शिल्लक असतो. सालीवर तपकिरी ठिपके दाट पडले, देठ काळपट झाला आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला, की स्टार्चची साखर झालेली असते. असं केळं काट्याने कुस्करलं की लगेच सैल होतं, गुठळी राहत नाही. केकला तेच घ्यायचं. आणि त्याचा गोडवा धरून साखर थोडी कमी करा.

केळं हवा धरत नाही. त्यामुळे दर केळ्यामागे अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर जास्त घाला. मिश्रण मैदा घातल्यावर जेमतेम एकजीव होईपर्यंतच ढवळा. जास्त फेटलं की मैद्यातलं ग्लूटेन (पीठ चिवट करणारं प्रथिन) ताणलं जातं आणि केक चिवट होतो.

आणि केळ्याची चव लपत नाही. चॉकलेट, अक्रोड, दालचिनी, खजूर यांच्याबरोबर ती खुलते. व्हॅनिला केकमध्ये घातलंत तर तो केळ्याचाच केक होणार.

भुसावळ_जंक्शन

लेख चांगला आहे, पण मला एक प्रामाणिक शंका आहे. ज्यांना अंडं चालत नाही पण दूध चालतं, अशीच घरं आपल्याकडे जास्त. कंडेन्स्ड मिल्कचा केक पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय, तो कधी दगा देत नाही. मग हरभऱ्याच्या पाण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? साधं सोपं असताना लोकांना उगाच अवघड वाट दाखवतोय असं वाटतं.

धुळ्याच्या_काकू

भाऊ, तुमचं म्हणणं कळतं. माझ्याही घरात तो केक होतो. पण एक डबा कंडेन्स्ड मिल्क म्हणजे केवढी साखर आणि केवढा खर्च. रोजच्या डब्यातल्या मफिनला ते परवडत नाही. जवस आणि केळं परवडतं. आणि अवघड वाट म्हणाल तर जवस भिजवण्याइतकं सोपं दुसरं काय आहे?

यावलची_सून

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या भाच्याला अंड्याची आणि दुधाची दोन्हीची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलंय. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. बाहेर विचारलं तर सगळे म्हणतात "एगलेस आहे, चालेल". दुधाचं विचारलं की गप्प. त्याला आजवर केक कापताच आलेला नाही, आम्ही कलिंगड कापतो. पोरगं काही बोलत नाही, पण दुसऱ्यांच्या वाढदिवसाला केककडे बघत राहतं ते बघवत नाही. माझ्याकडे ओव्हन नाही, कुकर आहे. मला अगदी सोपी आणि खात्रीची कृती सांगाल का?

धुळ्याच्या_काकू

बेटा, काळजी करू नकोस. तुला असा केक सांगते ज्यात अंडं, दूध, लोणी मुळातच नाही. बदलायला काही लागतच नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. अमेरिकेत टंचाईच्या दिवसांत बायका हा करायच्या. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की वायू सुटतो, त्यावर फुगतो.

दीड कप मैदा, एक कप पिठीसाखर, तीन मोठे चमचे कोको पावडर, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. हे सगळं दोनदा चाळून घे. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, पाच मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा व्हॅनिला. शेंगदाण्याचं तेल नको, त्याचा वास येतो. सूर्यफुलाचं घे. आठ इंची टिनला तेल लावून तळाला बटर पेपर लाव. कुकरची रिंग आणि शिटी काढून ठेव, तळाला मिठाचा थर आणि वर स्टँड ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव.

कुकर तापला की मगच पाण्याच्या भांड्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाल, ते कोरड्यात ओत, पटापट हलवून टिनमध्ये घाल आणि लगेच कुकरमध्ये ठेव. व्हिनेगर पडल्यापासून वायू सुटायला लागतो. तेवढ्यात फोन आला म्हणून थांबलीस तर फुगण्याचा जोर कटोऱ्यातच संपतो. आच मंद कर. चाळीस मिनिटांनी सुरी घालून बघ, कोरडी निघाली की झाला. ओव्हन असेल त्यांनी १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं.

वरून क्रीम नको. नारळाच्या घट्ट दुधात दूध नसलेलं डार्क चॉकलेट वितळवून ओत. वाढदिवसाच्या आधी एकदा करून बघ, म्हणजे तुझ्या कुकरचा अंदाज येईल.

शिरपूर_फूडटेक

@यावलची_सून, काकूंची कृती उत्तम. मी खाद्यपदार्थ तंत्रज्ञान शिकलोय, त्यामुळे सामान आणताना काय बघायचं ते सांगतो.

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे त्यात अंडं नाही एवढंच. आपल्या कायद्यात दूध शाकाहारी धरलं जातं, म्हणून हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध असू शकतं. तुम्हाला पाकिटाच्या मागचं अ‍ॅलर्जीचं विधान वाचायचं आहे. दूध, अंडं, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, गहू यांचा उल्लेख तिथे करणं बंधनकारक आहे. डार्क चॉकलेटमध्ये हमखास बघा, बऱ्याच पाकिटांवर "दुधाचे अंश असू शकतात" असं लिहिलेलं असतं. असं पाकीट घेऊ नका. एफएसएसएआयचे (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) व्हेगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेल्या, पदार्थांचे नियम २०२२ साली आले, त्यांचं हिरवं 'व्ही' आणि पानाचं चिन्ह दिसलं तर निवड सोपी होते. तरी अ‍ॅलर्जीचं विधान वाचाच.

बाहेरचा "एगलेस" घेताना आणखी एक धोका. त्याच बीटरने, त्याच टिनमध्ये अंड्याचाही केक होत असेल तर अंश येतातच. माळकऱ्याला त्याचं वाईट वाटेल, पण अ‍ॅलर्जीच्या मुलाला त्याने इस्पितळात जावं लागू शकतं. म्हणून घरीच करताय ते उत्तम. जवस, तीळ, सोया, हरभरा यांचीही काहींना अ‍ॅलर्जी असते. नवीन जिन्नस वाढदिवसाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

यावलची_सून

काकू, दादा, खूप खूप आभार. सगळं वहीत उतरवून घेतलंय. नारळाच्या दुधाच्या डब्यावरचंही वाचीन.

अमळनेरकर

आता हरभऱ्याच्या पाण्याचं होऊन जाऊ द्या. ऐकून आहे, पण उकडलेल्या चण्यांच्या पाण्याचा पांढराशुभ्र फेस होतो यावर विश्वास बसत नाही.

शिरपूर_फूडटेक

होतो. आणि अगदी अलीकडे लोकांच्या लक्षात आलं. २०१४ साली जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने डब्यातल्या कडधान्यांचं पाणी फेटून बघितलं, फेस झाला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी नुसतं ते पाणी आणि साखर घेऊन मेरिंग केलं आणि त्याला 'अ‍ॅक्वाफाबा' नाव दिलं. दोघंही संशोधक नव्हेत, स्वयंपाकघरात खटपट करणारी माणसं.

चणे शिजताना त्यातली थोडी प्रथिनं, स्टार्च आणि सॅपोनिन पाण्यात उतरतात. सॅपोनिन म्हणजे रिठ्यात असतं तेच, फेस करणारं. प्रथिनं आणि सॅपोनिन मिळून हवेच्या बुडबुड्याभोवती पडदा धरतात आणि बाकीच्या विरघळलेल्या द्रव्यांमुळे पाणी दाट होऊन तो पडदा टिकतो.

परदेशातल्या कृतींमध्ये डब्यातलं पाणी घ्यायला सांगतात. आपण घरी करू. आपल्याकडे कडधान्याला तोटा नाही, जळगाव तर डाळ गिरण्यांचं गाव. काबुली चणे घ्या, बाजारात डॉलर हरभरा म्हणून मिळतो तो. एक कप चणे रात्रभर भिजवा, उन्हाळ्यात फ्रीजमध्येच, नाहीतर सकाळपर्यंत आंबतात. भिजवलेलं पाणी टाका. नवीन पाणी चण्यांच्या वर बोटाचं एक पेर येईल इतकंच. मीठ नको, सोडा नको. कुकरला मऊ शिजवा. वाफ गेली की चणे लगेच उपसू नका, त्याच पाण्यात गार होऊ द्या आणि जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

मग गाळा. पाणी चमच्यावरून पाण्यासारखंच ओघळत असेल तर मंद आचेवर आटवा. गार झाल्यावर बोटांत धरलं की चिकट लागलं पाहिजे, गव्हाळ पिवळं दिसलं पाहिजे. घरच्या पाण्यात सगळं अपयश इथेच असतं. लोक पातळ पाणी फेटत बसतात.

प्रमाण: एका अख्ख्या अंड्याला तीन मोठे चमचे, नुसत्या पांढऱ्याला दोन. फेस करायचा असेल तर भांड्याला तेलाचा अंशही नको. लिंबाच्या रसाचे काही थेंब किंवा चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पूड) घाला आणि इलेक्ट्रिक बीटरने आठ-दहा मिनिटं फेटा. साखर चमचा चमचा करत घाला. अंड्याचं पांढरं जास्त फेटलं की फाटतं, याचं तसं होत नाही, बिनधास्त फेटा.

पण मर्यादा समजून घ्या. अंडं तापलं की घट्ट होतं, साधारण ६० अंशांच्या पुढे पांढरा भाग जमायला लागतो. चण्याच्या पाण्यात प्रथिनं फार थोडी, ती तशी जमत नाहीत. म्हणून नुसत्या फेसावर उभा राहणारा केक भट्टीत फुगतो आणि बाहेर काढला की बसतो. मेरिंग जमतं, कारण तिथे साखर वाळून कडक होते. मेरिंग १०० अंशांवर दीड ते दोन तास सुकवा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. पावसाळ्यात मात्र नको, हवेतला दमटपणा पिऊन ती चिकट होते. आपला कोरडा उन्हाळा तिला फार मानवतो.

तापीकाठची

दादा, एक विचारू? पुरणाला हरभऱ्याची डाळ शिजवतो तेव्हा कट निघतो. तो रशीला, म्हणजे कटाच्या आमटीला जातो. तोच फेटला तर?

शिरपूर_फूडटेक

फार चांगला प्रश्न. फेस येतो, पण अख्ख्या काबुली चण्याइतका टिकत नाही. डाळ सोललेली आणि फोडलेली असते, त्यामुळे कटात स्टार्च जास्त उतरतो, पाणी गढूळ होतं. मेरिंगच्या वाटेला जाऊ नका. पण मफिनमध्ये किंवा धिरड्यात एका अंड्याच्या जागी तीन चमचे दाट कट चालतो. हळद-मीठ न घातलेला हवा. आणि पुरणाच्या दिवशी रशीला कट कमी पडला तर घरातले मला बोल लावतील, तेवढं सांभाळा.

भुसावळ_जंक्शन

वाचतोय सगळं. अमळनेरकरांसारखाच माझाही विश्वास बसत नव्हता, आता बायको म्हणतेय की चणे भिजत घालू. @केळीबाग, दूध न चालणाऱ्या मुलाचं वाचल्यावर माझी शंका मागे घेतो.

नंदुरबारची_माय

सगळे केकवर बोलताहेत, मी तिखटावर बोलते. उडीद कसा कोणाला आठवला नाही?

आपल्याकडे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी काय आणि दहीवडे काय, उडदाशिवाय पान हलत नाही. दहीवड्याचं पीठ फेटताना थेंब पाण्यात टाकून बघतो, तरंगला की पीठ झालं. म्हणजे त्यात हवा भरली. इमरतीचंही तसंच. मग अंडं फेटून हवा भरायची ती उडदाने का भरू नये? या विचाराने मी कळण्याचे तिखट मफिन करायला लागले आणि आता घरात पावाऐवजी तेच मागतात.

अर्धा कप उडदाची डाळ चार तास भिजवा. उन्हाळ्यात गार पाण्यात, जास्त वेळ नको. निथळून मिक्सरमध्ये शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा, मिक्सर तापला तर थांबून थांबून. मग मोठ्या भांड्यात काढून हाताने, एकाच दिशेने फेटा. आधी पीठ राखाडी, जड असतं आणि बोटांना ओढतं. फेटता फेटता पांढरं होतं, फुगतं आणि हात हलका चालायला लागतो. थेंब पाण्यात टाका, तळाला गेला तर अजून फेटा.

त्यात पाऊण कप ज्वारीचं पीठ, पाव कप कणीक, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, तीन मोठे चमचे तेल, लसूण-हिरवी मिरची-जिऱ्याचा ठेचा आणि भरपूर कोथिंबीर. लागेल तसं पाणी, अंदाजे अर्धा कप. पीठं हलक्या हाताने, खालून वर अशी मिसळा, म्हणजे भरलेली हवा जात नाही. मफिनच्या साच्यात घालून वर तीळ भुरभुरा आणि लगेच भट्टीत. १९० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. वरचा भाग चिरा पडून तांबूस होतो आणि कळण्याच्या भाकरीचा वास घरभर सुटतो. गरम असतानाच मधून फोडायचं आणि भरिताबरोबर खायचं.

गोड केकमध्ये मात्र उडीद नको. त्याची चव लपत नाही.

केळीबाग

माय, हे अप्रतिम! ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे एरवी ज्वारीचा मफिन भुगा होतो. इथे उडदाची प्रथिनं आणि त्याचा चिकटपणा ती बांधणी करतो, आणि हवाही धरतो. म्हणजे अंड्याची दोन मोठी कामं एकाच डाळीने केली. आणि ही युक्ती आपल्याच घरात होती. बाहेरच्या कृतींमध्ये जवस, चिया, टोफू मिळेल, उडीद सहसा मिळत नाही. मी हे उद्याच करणार.

चोपड्याचा_शेतकरी

आमच्याकडे मूग होतो. मुगाचं काही करता येतं का? परदेशात मुगाचं 'अंडं' बाटलीत मिळतं असं वाचलं.

शिरपूर_फूडटेक

हो, अमेरिकेत मुगाच्या प्रथिनापासून केलेलं तसं द्रव विकलं जातं. पण ते नुसतं वेगळं काढलेलं प्रथिन. घरी आपण मूगडाळ वाटतो तेव्हा स्टार्चही सोबत येतो. त्याने आमलेटसारखं धिरडं छान होतं. पीठ पातळ ठेवा, हळद घाला आणि तव्यावरून उतरवल्यावर चिमूटभर काळं मीठ भुरभुरा. काळ्या मिठात गंधकाची संयुगं असतात, अंड्याचा वास त्यामुळेच येतो. केकमध्ये मात्र मुगापेक्षा बेसन बरं. तीन मोठे चमचे बेसन, तीन मोठे चमचे पाणी, गुठळी मोडून घ्या, एका अंड्याला पुरतं. कुकीज आणि तिखट बेकिंगसाठी हे मला जवसापेक्षाही आवडतं, रंग सुरेख येतो. कच्च्या मिश्रणाला कच्च्या बेसनाची चव लागते म्हणून घाबरू नका, भाजल्यावर जाते.

तापीकाठची

माझा केक मध्यभागी ओलसर राहतो आणि बाहेर काढल्यावर खचतो. जवस, साखर, सगळं मोजून घेते. काय होत असेल?

केळीबाग

अंड्याशिवायच्या केकला सांगाडा जरा उशिरा धरतो, म्हणून घाई नडते. तीन गोष्टी बघ. टिन खोल असेल तर उथळ आणि रुंद घे, मधला भाग लवकर शिजेल. पहिली पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडू नकोस. आणि पाणी थोडं कमी कर, कारण जवसाबरोबर तीन चमचे पाणी आधीच गेलेलं असतं. कणीक वापरत असशील तर उलट, कणकेला मैद्यापेक्षा पाणी जास्त लागतं. आणि वीज मध्येच जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती टाळून केक लाव. अर्धा भाजलेला केक पुन्हा फुगत नाही.

सुरी कोरडी निघाली तरी दहा मिनिटं टिनमध्येच राहू दे, मग जाळीवर काढ. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही.

अमळनेरकर

शेवटचा प्रश्न. पावाला आणि पफला वरून अंडं लावतात, चकाकीसाठी. त्याला काय?

धुळ्याच्या_काकू

सोयाचं दूध दोन मोठे चमचे, तेलाचे चार थेंब आणि चिमूटभर गूळ. भट्टीत जाण्याआधी ब्रशने हलकं लाव. सोयातल्या प्रथिनांमुळे आणि गुळामुळे तांबूस रंग येतो. चकाकी अंड्याइतकी येत नाही. ती हवी असेल तर पाव बाहेर काढल्या काढल्या साखरेचं दाट पाणी एक हात फिरव. तिखट पफ असेल तर साखरेऐवजी नुसतं तेल.

केळीबाग

आणि चण्याचं उरलेलं दाट पाणी टाकू नका. बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा. तुमच्या ट्रेच्या एका कप्प्यात किती चमचे मावतात ते एकदा मोजून डब्यावर लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तेवढे खडे काढून वितळवले की काम झालं. फ्रीजमध्ये नुसतं ठेवलंत तर तीन-चार दिवसांत वापरून टाका.

@यावलची_सून, कुकरमधला पहिला केक झाला की इथे कळव. मधला भाग कसा झाला ते लिही, काही कमीजास्त वाटलं तर वाढदिवसाच्या आधी दुरुस्त करू.